शास्त्राला प्रश्न विचारणारा मुलूख

ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाचे पहिले सविस्तर पान नवराबायकोच्या भांडणाचे आहे. १३२१ सालच्या एप्रिल महिन्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार भिक्षू, टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस, पूर्वेकडच्या प्रवासात ठाणे बंदरी उतरले आणि तेथील एका नेस्तोरियन ख्रिस्ती गृहस्थाच्या घरी पाहुणे म्हणून राहिले. त्यानंतर थोड्याच काळाने ठाण्यास आलेला आणि त्या चौघांच्या अस्थी बरोबर घेऊन थेट चीनपर्यंत गेलेला ओदोरिक हा प्रवासी लिहितो की, गावात अशा ख्रिस्त्यांची त्या वेळी अवघी पंधरा घरे होती. त्यांपैकी या घरच्या धन्याने आपल्या बायकोला मारहाण केली, ती बाई काझीकडे फिर्याद घेऊन गेली, काझीने पुरावा मागितला तेव्हा घरी उतरलेल्या चार परदेशी साधूंची नावे तिने साक्षीस दिली, आणि साक्षीसाठी बोलावलेल्या त्या साधूंची जबानी पाहता पाहता धर्मचर्चेत शिरून तिचा शेवट त्यांच्या वधात झाला. त्यांचा सोबती जॉर्डानस या डॉमिनिकन भिक्षूने त्यांचे दफन सोपाऱ्यास केले. युरोपात ही कथा हुतात्म्यांची कथा म्हणून गाजली. त्या बाईचे पुढे काय झाले, याची चौकशी मात्र कोणी केलेली दिसत नाही.

मला या हकिकतीत त्या बाईचे वर्तन सर्वांत विचारार्ह वाटते. घरात शास्त्राचा वारसा होता, शास्त्र जाणणारे चार साधू त्याच छपराखाली मुक्कामास होते, आणि तरीही संसारातल्या अन्यायाचा निवाडा हवा असता तिची पावले काझीच्या कचेरीकडे वळली. तिच्या घराण्याच्या उपासनेची भाषा सिरियाक, पाहुण्यांच्या प्रार्थनेची भाषा लॅटिन, आणि तिचे दुःख या दोहोंपैकी एकीतही मांडता येण्याजोगे नव्हते. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात बंधुजनांचे तंटे बाहेरच्या न्यायासनापुढे नेऊ नयेत असा उपदेश आहे, हे तिला कोणी सांगितले असते तर त्या उपदेशाने तिच्या पाठीवरचे वळ कमी झाले असते असेही नाही. ठाणे, साष्टी, वसई आणि कल्याण या पट्ट्यात पुढली सात शतके ख्रिस्ती शास्त्र वाचले, गायले, घोकले आणि छापले गेले. परंतु ते रोजच्या आचरणास उपयोगी पडले ते कोणा प्रापंचिक माणसाने आपला प्रश्न आपल्या भाषेत धिटाईने त्याच्यापुढे ठेवला तेव्हाच, असे या इतिहासाचे कागद चाळताना माझे मत बनत गेले आहे.

कल्याणची परंपरा तर याहूनही जुनी. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापारी-प्रवाशाने पश्चिम किनाऱ्यावरील ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक असल्याचे आणि त्यांचा बिशप इराणातून नेमून येत असल्याचे नमूद केले आहे, आणि हे स्थळ म्हणजे कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ज्याच्या व्यापाऱ्यांची नावे सापडतात ते आपले कल्याणच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या मंडळींच्या नित्याच्या आचाराविषयी आपल्या हाती एक ओळही नाही. तथापि इतिहासाला कधी कधी गंमत करण्याची लहर येते: १९८८ साली महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या मलयाळी सिरो-मलबार ख्रिस्त्यांसाठी नवा धर्मप्रांत निर्माण झाला, तेव्हा त्याला नाव दिले गेले ते कल्याणचे, आणि ही मंडळी ज्या पूर्व-सिरियाक उपासनापद्धतीचा वारसा सांगतात, तीच कॉस्मासच्या काळी इराणातून या बंदरावर आली होती. मधल्या चौदाशे वर्षांत खाडी गाळाने भरली आणि बंदर नावापुरते उरले.

पोर्तुगीज अंमलाची हकिकत निराळी आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांस तोडून दिला, आणि पाठोपाठ फ्रान्सिस्कन व जेझुइट पाद्री साष्टीच्या गावोगाव पसरले. ठाण्यास मासुंदा तलावाच्या काठी आज जे संत जॉन बाप्तिस्ताचे देऊळ उभे आहे, त्याचे मूळ याच काळातले. कोळी, भंडारी, कुणबी अशा नाना जातींच्या रयतेस या काळात बाप्तिस्मा मिळाला. मात्र शास्त्र मिळाले असे म्हणता येत नाही. ट्रेंटच्या परिषदेनंतर लोकभाषेतले बायबल वाचण्यास धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागे, आणि जेथे साक्षरताच विरळ तेथे त्या परवानगीचा प्रश्नही उद्भवत नव्हता. लोकांच्या वाट्यास आली ती धर्मप्रश्नोत्तरी: दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, सात संस्कार, ही सारी मुलांकडून सुरावर घोकून घेतलेली. त्यात स्पष्टपणा पुष्कळ होता. चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, आईबापांचा मान राखावा, यात संदेहास जागा नाही. परंतु पेरणीच्या दिवशी शेजाऱ्याने शेताच्या देवाला नारळ फोडला आणि त्याचा तुकडा पुढे केला तर हात पुढे करावा की मागे घ्यावा, लग्नात हळद लावावी की लावू नये, मेलेल्या बापाच्या नावे घास काढून ठेवण्याची जुनी ओढ मनात दाटून आली तर तिचे काय करावे, असे जे प्रश्न नवख्रिस्ती कुळाला दर महिन्यास पडत, त्यांना त्या प्रश्नोत्तरीत जागा नव्हती. तिच्यात प्रश्नही पाद्रीच विचारी आणि उत्तरही त्याचेच असे.

हे उलटे केले ते गोव्याकडील साष्टीतल्या काही नवख्रिस्ती गृहस्थांनी. विल्टशरमध्ये जन्मलेला आणि १५७९ साली गोव्यास आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट तेथे रविवारी धर्मशिक्षण देत असता त्यांच्यापैकी एकाने त्याला विनंती केली की, आमच्या पूर्वीच्या पोथ्या तुम्ही बंद केल्यात ते एक असो, पण मन रमवील आणि वेळ सत्कारणी लावील असे त्यांच्या जागी काही तरी द्या. हा प्रसंग स्टीफन्सने आपल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच गुंफला आहे. १६१६ साली प्रसिद्ध झालेला, सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगतो. मराठीच्या गुणगौरवासाठी तो शाळांतून नावाजला जातो, आणि ते रास्तही आहे. परंतु भाषेच्या कौतुकात त्या अनामिक विनंती करणाऱ्याचा विसर पडतो, हे बरे नव्हे. आज्ञांची यादी त्याला पाठ होती. माणूस मोहात कसा सापडतो, पडल्यावर कसा उठतो, भाऊ भावाशी कसा वागतो आणि बाप बिघडलेल्या पोराला परत कसा घरात घेतो, हे कथेच्या रूपाने संध्याकाळी दिव्यापाशी ऐकण्याची सोय त्याला हवी होती. कारण रामायण-भारताच्या श्रवणातून आचार शिकण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची होती, आणि ती काही बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जाणारी नव्हती.

आपल्या ठाणे-वसईकडे असे कार्य फ्रान्सिस्को वाझ द गिमराँइश या फ्रान्सिस्कन पाद्रीच्या पुराणाने केले. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची आणि मरणाची कथा सांगणारे हे काव्य १६५९ साली लिस्बनमध्ये रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्सची डौलदार ओवी आणि पंडिती शब्दकळा येथे शोधू नये, पण उत्तर कोकणच्या ख्रिस्त्यांची घरगुती बोली येथे भरपूर सापडते, आणि म्हणूनच उपवासकाळात ते पुराण गाण्याची चाल या मुलखात दीर्घकाळ टिकली व एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावेसे वाटले. याउलट दफ्तरातून निघालेले मार्गदर्शन पाहावे. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. १७३६ साली तेथील इन्क्विझिशनने जो जाहीरनामा काढला, त्यात लग्नातल्या ओव्या, हळद, तुळशीचे रोप, धोतर अशा किती तरी गोष्टींना मनाई केली. दैनंदिन जीवनाचा इतका बारकाईने विचार करणारे दुसरे धर्मपत्र या किनाऱ्यावर सापडणे कठीण. आणि त्यात शास्त्राचा अंश किती, हे शोधू जाता हाती फारसे काही लागत नाही. त्या जाहीरनाम्याच्या दुसऱ्याच वर्षी ठाणे मराठ्यांनी घेतले आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक राहिली, गोरे पाद्री निघून गेले, देशी धर्मगुरूंनी कारभार हाकला. राजसत्तेचा आधार सुटल्यावरही ज्या घरांतून प्रार्थना आणि पुराण चालू राहिले, त्यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो.

ठाणे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेले, आणि पुढे शास्त्राचा छापील ग्रंथ या जिल्ह्यात आला. श्रीरामपूरला विल्यम केरीने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी नवा करार १८११ साली काढला होता. पण तो येथल्या वाचकाच्या जिभेला रुचला नाही. १८१३ साली मुंबईस आलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांनी भाषांतराचे काम नव्याने हाती घेतले, आणि १८१८ साली त्यांच्याच मिशनचा जॉन निकोल्स हा ठाण्यासच बिऱ्हाड करून राहिला. सहा वर्षे त्याने येथे शाळा चालवल्या. या मिशनच्या शाळांची रीत मोठी चमत्कारिक होती: शिकवणारे पंतोजी बहुधा हिंदू, शिकणारी मुलेही हिंदू, आणि वाचनाचा धडा म्हणून दहा आज्ञा नि शुभवर्तमानातले उतारे. पंतोजीला पगाराशी काम, मुलाला अक्षराशी, आणि मिशनऱ्याला आत्म्याशी. बाप्तिस्म्यांच्या दृष्टीने पाहता ही वर्षे जवळजवळ रिकामी गेली, आणि डिसेंबर १८२४ मध्ये निकोल्स वारला. पुढल्याच वर्षी बिशप हेबरने ठाण्यास इंग्रज अंमलदारांसाठी बांधलेल्या संत जेम्सच्या देवळाची प्रतिष्ठापना केली. तेथे उपासना इंग्रजीत चाले आणि तिच्याशी गावाचा संबंध घंटानादापुरता होता. हॉल मार्च १८२६ मध्ये नाशिककडे पुस्तके वाटत फिरत असता वाटेतच पटकीने मेला, आणि ज्यावर त्याने आयुष्य वेचले तो मराठी नवा करार त्याच वर्षी मुंबईच्या मिशन छापखान्यातून संपूर्ण बाहेर पडला. याच छापखान्यात पुढे टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे सुबक खिळे घडवले, येथेच उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी ‘निर्णयसागर’ काढला आणि आपल्या पोथ्या-पंचांगांस देखणे रूप आले. म्हणजे शुभवर्तमानासाठी मांडलेल्या संसाराचा लाभ गीतेलाही झाला.

लाभ आणखी एकास झाला, आणि ठाण्याच्या इतिहासात तो विसरता येत नाही. बेने इस्रायल समाजाची वस्ती या गावात जुनी. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवार पाळणाऱ्या या मराठीभाषक यहुद्यांकडे हिब्रू ग्रंथांचे ज्ञान फारच क्षीण उरले होते. मिशनऱ्यांनी केलेली जुन्या कराराची मराठी भाषांतरे आणि १८३२ साली जॉन विल्सनने मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण यांचा उपयोग या मंडळींनी आपल्या स्वतःच्या शास्त्राकडे परतण्यासाठी केला. धर्मांतराच्या हेतूने दिलेली पुस्तके त्यांनी स्वधर्म घट्ट करण्यास वापरली. ठाण्यात १८७९ साली त्यांचे सिनेगॉग उभे राहिले. देणाऱ्याच्या हेतूपेक्षा वाचणाऱ्याची गरज बलवत्तर ठरते, याचे याहून सुरेख उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

१८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आली. या कल्याणात १८६९ ते १८७३ या काळात करजगावचा एक चित्पावन मुलगा प्राथमिक शिक्षण घेत होता. तो म्हणजे नारायण वामन टिळक. शास्त्र त्यांच्या हाती पडले तेही आगगाडीच्या डब्यात. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्यावर गप्पा मारल्या, निरोप घेताना बायबलची प्रत दिली, आणि ते वाचण्याचे वचन घेतले. वाचताना आवडतील त्या जागी पेन्सिलीने खुणा कराव्यात असे टिळकांनी ठरवले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांची पेन्सिल अडली ती अडलीच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रवचन त्यांना एवढे का भिडले असावे, याचा विचार करता ध्यानात येते की त्यात तत्त्वचर्चा जवळजवळ नाही. फिर्यादीला कचेरीच्या वाटेवरच गाठून समेट कर, वेदीपाशी उभा असता भावाचा राग आठवला तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू देऊ नको, अशा तऱ्हेची ती सूचनावली आहे. वेदान्ताच्या वादांत रमणाऱ्या, पण जातिभेदाच्या प्रश्नाने आतून पोखरलेल्या या पंडिताला उद्या सकाळी काय करावे हे सांगणारा गुरू हवा होता.

त्यांच्या पत्नीचा मार्ग मात्र याहून खडतर, आणि मला विचाराल तर अधिक खरा. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या धर्मांतरानंतरची वर्षे वियोगात काढली, पुढे त्याच्याजवळ येऊन राहिल्या त्याही सोवळे सांभाळून, वेगळ्या पाण्याने आणि वेगळ्या चुलीवर. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो कोणा पाद्रीच्या युक्तिवादाने हरून नव्हे. पाण्याला जात कोठून आली, ती कोणी लावली, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या घागरीपाशी स्वतःशी घातला होता, आणि ‘स्मृतिचित्रे’त ती सारी घालमेल त्यांनी हसत-रडत लिहून ठेवली आहे. टिळकांनी अभंग आणि कीर्तने रचून शास्त्राला मराठी अंगणात आणले, ‘ख्रिस्तायन’ अपुरे टाकून १९१९ साली देह ठेवला, आणि ते काव्य पुरे करण्याचे काम या अक्षरओळख उशिरा झालेल्या बाईंनी केले.

याच सुमारास केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून एकहाती बायबलचे मराठी रूपांतर करीत होत्या. बायबल सोसायटीच्या भाषांतरातील संस्कृतप्रचुर वाक्ये त्यांच्या आश्रयास आलेल्या विधवांना आणि दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना उमगत नसत, हे त्यांचे कारण. आणि स्वतः भागवत मुखोद्गत असलेल्या विदुषीने ते जाणावे, यातच त्यांची थोरवी. १९२२ च्या एप्रिलमध्ये मृत्यू येण्याआधी त्यांनी काम पुरे केले, आणि खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची मेहनत त्याच मुलींनी केली.

ठाणे जिल्ह्यातील कॅथलिकांस मात्र मिस्सा लॅटिनमध्येच ऐकावी लागत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेस मुभा दिली, तेव्हा कोठे उत्तनच्या कोळ्याला आणि वसईच्या वाडवळाला रविवारचे वाचन आपल्या भाषेत ऐकू आले. १६५९ च्या पुराणानंतर तीनशे वर्षे थांबून ही गोष्ट व्हावी, हे विलंबाचे उदाहरण म्हणून नोंदवून ठेवण्यासारखे आहे. पुढे वसईहून निघणारे ‘सुवार्ता’ मासिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ चालवले, आणि २०१० साली त्यांचे ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध झाले, ज्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर वेगळा झाला तो २०१४ च्या ऑगस्टात.

आज डोंबिवली-कल्याणच्या इमारतींतून मराठी, मलयाळम, तमिळ, तेलुगू, कोंकणी आणि इंग्रजी अशा अनेक भाषांत हे शास्त्र वाचले जाते, आणि प्रश्न बव्हंशी जुनेच आहेत. गणेशचतुर्थीच्या दिवशी शेजारीण ताटात मोदक घालून दारात येते. करिंथकरांस लिहिलेले पौलाचे तेच पहिले पत्र हे त्या मंडळीने पत्र पाठवून विचारलेल्या शंकांचे उत्तर आहे, आणि मूर्तीस दाखवलेल्या नैवेद्याचा प्रश्न त्यात तीन अध्याय व्यापून बसला आहे. पौलाचा निर्णय असा की, मूर्ती ही काही वस्तूच नव्हे, म्हणून बाजारात विकले जाणारे अन्न चौकशी न करता खावे, कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते निःशंक खावे. पण हा नैवेद्य आहे असे जर कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नये. आपल्या ज्ञानाने दुसऱ्या दुबळ्या भावाच्या पायात धोंड येऊ नये, एवढी त्याची दक्षता. तो लिहीत होता तेव्हा ग्रीक बंदरातल्या खाटकांच्या दुकानांचा विचार त्याच्यासमोर होता. मोदकाचा नव्हता, आणि ताट रिकामे परत पाठवले तर वर्षानुवर्षांच्या शेजारधर्मात जे काही तुटते त्याचाही नव्हता. म्हणून त्याच अध्यायांच्या आधारे एक घर मोदक घेते आणि नाताळला करंज्या धाडते, दुसरे घर हात जोडून नम्रपणे नाही म्हणते; आणि दोन्ही घरांना आपले मार्गदर्शन स्पष्ट वाटते. चर्चा अडते ती एकाच जागी: शेजारणीने तोंडाने ‘प्रसाद आहे’ असे म्हटलेच नाही, नुसते ताट पुढे केले, तर विचारावे की विचारू नये.